प्रेमपट, मराठी : समान कथासूत्रे

स्त्री-पुरुषांतील अनुराग, त्याच्या मार्गात येणारा अडथळा आणि त्या अडथळ्याचे निवारण अथवा त्यापायी होणारा नाश, हा ज्या चित्रपटाच्या कथानकाचा मुख्य आधार असतो, त्यास स्थूलमानाने प्रेमपट म्हणतात. निरनिराळ्या काळांत निर्माण झालेल्या प्रेमपटांत पात्रे, वेशभूषा व परिसर बदलले, तरी कथानकाची घडण पुष्कळदा सारखीच राहते. प्रथमदर्शन, निरोप नेणारा दूत, वडीलधाऱ्यांचा विरोध, वेषांतर, गैरसमज, पलायन अथवा अपहरण, ओळख पटणे आणि क्षमा हे या घडणीतील प्रमुख घटक होत. त्यांच्या ठराविक जुळणीला येथे ‘कथासूत्र’ असे म्हटले आहे. मराठी प्रेमपटांतील बहुतेक कथासूत्रे चित्रपटकलेपेक्षा फार जुनी आहेत. त्यांपैकी काहींची ठळक पूर्वरूपे विदर्भाशी निगडित असलेल्या कथा-काव्यांत व नाटकांत आढळतात.

स्वरूप : रशियन लोकसाहित्याभ्यासक व्ह्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रशियन अद्‌भुतकथांचे पृथक्करण करून, त्यांतील पात्रे असंख्य असली तरी त्यांची कार्ये ३१ च असतात, असे दाखवून दिले. कॅनडातील समीक्षक नॉर्थ्रप फ्राय याने १९५७ मध्ये यूरोपीय सुखात्मिकेचे असेच एक मूळ सूत्र मांडले. तरुणास तरुणी हवी असते, पिता वा पितृस्थानीय व्यक्ती आडवी येते आणि शेवटी एखाद्या कलाटणीमुळे अडथळा दूर होतो. मराठी प्रेमपटांनाही हे सूत्र बव्हंशी लागू पडते. मात्र केवळ समान घटकांची यादी केल्याने फारसे हाती लागत नाही. अडथळा घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे, नायक-नायिकेस साहाय्य कोण करतो आणि अडथळा कशामुळे दूर होतो, या तीन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. कथासूत्राचा सामाजिक इतिहास या बदलांत सापडतो.

विदर्भातील पूर्वरूपे : रुक्मिणीहरणाची कथा हे पलायनसूत्राचे सर्वांत परिचित पूर्वरूप होय. विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी कुंडिनपूर. ही नगरी म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने तिचा विवाह शिशुपालाशी ठरविला. तेव्हा रुक्मिणीने ब्राह्मणाहाती कृष्णास पत्र पाठविले आणि देवीदर्शनास गेली असता कृष्णाने तिचे हरण केले. हे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून झाले, अशी स्थानिक समजूत आहे. पाठलाग करणाऱ्या रुक्मीचा कृष्णाने पराभव केला. परंतु बहिणीच्या विनवणीमुळे त्यास जीवदान मिळाले. पत्र, दूत, देवळातील भेट, भावाचा विरोध, पाठलाग आणि अखेर क्षमा असे प्रेमपटाचे जवळजवळ सर्व घटक या एका कथेत आहेत. मराठीत ही कथा तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्र याच्या रुक्मिणीस्वयंवरात व महदंबेच्या धवळ्यांत आली. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी त्याच विषयावर रुक्मिणीस्वयंवर रचले. त्यामुळे ती पोथीतून व लग्नगीतांतून घरोघर पोहोचली.

दुसरी कथा नल-दमयंतीची. दमयंतीही विदर्भकन्याच होय. हंसाचे दौत्य, न पाहिलेल्या पुरुषावर गुणश्रवणाने जडलेले प्रेम, एकाच रूपात उभ्या असलेल्या अनेकांतून खऱ्या प्रियकराची पारख, दीर्घ विरह आणि शेवटी ओळख पटणे हे तिचे घटक होत. विरह व दौत्य यांचे काव्यरूप कालिदासाच्या मेघदूतात परमोत्कर्षास पोहोचले. त्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, हे मत नागपूरचे विख्यात संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले आहे.

कथासूत्रांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे भवभूतीचे मालतीमाधव हे दहा अंकी प्रकरण होय. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा नाटककार आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो. मिराशींनी हे स्थळ म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर (आता गोंदिया जिल्हा) असे निश्चित केले. मालती व माधव ही दोन मंत्र्यांची अपत्ये. या मंत्र्यांनी विद्यार्थिदशेतच आपली मुले एकमेकांस द्यावयाची, असे ठरविलेले असते. परंतु राजाला मालती आपल्या मर्जीतील नंदन यास द्यावयाची असते. बौद्ध परिव्राजिका कामंदकी युक्तिप्रयुक्तीने प्रेमिकांस साहाय्य करते. माधवाचा मित्र मकरंद मालतीच्या वेषात नंदनाशी विवाह करून त्यास फसवितो. याच मकरंदाने नंदनाची बहीण मदयंतिका हिला वाघापासून वाचविलेले असते व तीही अखेर त्याच्याबरोबर निघून जाते. कापालिकाने बळी देण्यासाठी नेलेल्या मालतीची माधव सुटका करतो. नायक-नायिकांची दुहेरी जोडी, संकटातून सुटका केल्याने जडणारे प्रेम, पुरुषाचा स्त्रीवेष, चतुर साहाय्यक आणि खलपुरुषाकडून अपहरण ही आधुनिक प्रेमपटाची सामग्री येथे एकत्र आलेली दिसते.

या सर्व कथांतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रुक्मिणी आणि कृष्ण, दमयंती आणि नल, मालती आणि माधव ही सर्व जोडपी कुल व प्रतिष्ठा या दृष्टींनी परस्परांस अनुरूप आहेत. मालती-माधवांचे प्रेम तर त्यांच्या पित्यांनी पूर्वीच केलेल्या संकल्पाशी जुळणारे आहे. अडथळा येतो तो एखाद्या व्यक्तीच्या हट्टामुळे, समाजाच्या नियमामुळे नव्हे. म्हणूनच ती व्यक्ती पराभूत झाली, फसली अथवा राजी झाली, की कथा सुखान्त होऊ शकते. समाजाने नाकारलेल्या प्रेमासाठी या कथासूत्रात मुळात तरतूद नव्हती.

रंगभूमीवरील संस्करण : चित्रपटाकडे ही सूत्रे मुख्यतः संगीत नाटकाच्या वाटेने आली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत सौभद्रात (१८८२) सुभद्रा दुर्योधनास देण्याचा बलरामाचा हट्ट, अर्जुनाचा यतिवेष आणि कृष्णाची पडद्याआडची सूत्रचालना असे तीन घटक आहेत. घरातलाच एक वडीलधारा विरोधात, तर दुसरा गुप्तपणे अनुकूल, ही योजना पुढे मराठी कौटुंबिक प्रेमकथेत स्थिर झाली. अर्जुन हा सुभद्रेचा आतेभाऊ. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह मान्य असल्याने, येथील पलायनाने रूढीचा प्रत्यक्षात कोणताच भंग होत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकाने पैशाच्या लोभाने वृद्धास दिल्या जाणाऱ्या मुलीचा प्रश्न मांडला. तेथे अडथळा नैतिक स्वरूपाचा असला, तरी त्याचे निवारण मात्र तांत्रिक आहे. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्यामुळे विवाह मोडतो. अन्याय टळतो, परंतु तो अन्याय आहे म्हणून नव्हे, तर शास्त्राच्या दुसऱ्या एका नियमात बसत नाही म्हणून. देवलांच्याच संशयकल्लोळाने (१९१६) गैरसमजाचे सूत्र रूढ केले. ते आर्थर मर्फी याच्या इंग्रजी नाटकावरून व त्याच्यामार्गे मोल्येर या फ्रेंच नाटककारापासून आले होते. पौराणिक व यूरोपीय असे दोन्ही प्रवाह मराठी रंगभूमीवर याप्रमाणे एकत्र आले. १९३२ मध्ये अयोध्येचा राजा या चित्रपटाने मराठी बोलपट सुरू झाला, तेव्हा ही सिद्ध सामग्री लेखकांच्या हाताशी होती.

बोलपटाचा आरंभकाळ : या काळात कथासूत्राच्या उपयोगाबरोबरच त्याची चिकित्साही झाली, हे विशेष होय. प्रभात कंपनीच्या कुंकू (१९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम) या चित्रपटाचा आधार नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. विषय शारदेचाच, परंतु येथे सगोत्रतेसारखी कोणतीही युक्ती विवाह टाळीत नाही. विवाह होऊन जातो आणि शांता आपटे यांनी साकारलेली नायिका नीरा ते पत्नीपण मान्य करण्यास नकार देते. अडथळा दूर करण्याची जबाबदारी योगायोगाकडून नायिकेच्या निर्धाराकडे आली. वृद्ध पतीस पश्चात्ताप होऊन तो आत्मनाश करतो. त्यामुळे शेवट एका परीने सोपा झाला असला, तरी नकाराचे महत्त्व कमी होत नाही.

शांतारामांच्याच माणूस (१९३९) या चित्रपटात पोलीस शिपाई गणपत व वेश्या मैना यांची कथा आहे. पतित स्त्रीचा प्रेमाने उद्धार हे तत्कालीन लोकप्रिय सूत्र. परंतु मैना ते पूर्ण होऊ देत नाही. ती खुनाच्या गुन्ह्यात तुरुंग स्वीकारते आणि गणपत आपल्या कर्तव्याकडे परततो. याच चित्रपटात समकालीन हिंदी प्रेमपटांतील कृत्रिम प्रणयप्रसंगांचे विडंबनही आहे. बोलपटाचे पहिले दशक संपण्यापूर्वीच कथासूत्र थट्टेचा विषय होण्याइतके परिचित झाले होते, असा याचा अर्थ होतो. प्र. के. अत्रे यांची कथा व मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन असलेल्या ब्रह्मचारी (१९३८) या विनोदी चित्रपटात अडथळा बाहेरून येतच नाही. व्याख्यानाने भारून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेतलेला नायक स्वतःच अडथळा होतो आणि मीनाक्षी शिरोडकर यांनी रंगविलेली नायिका पुढाकार घेऊन तो मोडून काढते.

याच सुमारास जातिभेदाचा अडथळा हिंदी पडद्यावर आला. बाँबे टॉकीजच्या अछूत कन्या (१९३६) या चित्रपटात ब्राह्मण तरुण व अस्पृश्य मुलगी यांचे प्रेम आहे. रेल्वेच्या फाटकावर नायिका प्राण देते आणि कथा संपते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले. निबंधाने विवाहाचा मार्ग सुचविला, चित्रपटाने मृत्यूचा. सहानुभूती मिळवावी, पण विवाह दाखवू नये, ही तडजोड पुढे दीर्घकाळ चालू राहिली. मृत्यूमुळे प्रेक्षकाचे डोळे ओलावतात आणि समाजाचा नियमही अबाधित राहतो.

विदर्भातील प्रेक्षकवर्गाच्या बाबतीत एक व्यावसायिक तपशील नोंदविण्याजोगा आहे. चित्रपटांच्या वितरणव्यवहारात विदर्भ मुंबई विभागात न मोडता, जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘सी. पी. बेरार’ विभागात मोडतो. राज्यपुनर्रचनेनंतरही हे नाव व्यवहारात टिकून राहिले. मराठी चित्रपटांची निर्मिती प्रामुख्याने कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे होत असल्याने आणि नागपूर १९५६ पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी असल्याने, येथील प्रेक्षकांस हिंदी व मराठी ही दोन्ही रूपे सारखीच परिचित राहिली.

स्वातंत्र्योत्तर कालखंड : १९५० नंतरच्या शहरी प्रेमपटांत अडथळ्याचे रूप आर्थिक झाले. राजा परांजपे दिग्दर्शित व ग. दि. माडगूळकर लिखित लाखाची गोष्ट (१९५२) या चित्रपटात श्रीमंत पिता मुलीचा हात मागणाऱ्या निर्धन तरुणापुढे एक लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखविण्याचा पण मांडतो. स्वयंवरातील पण येथे मध्यमवर्गीय विनोदाच्या रूपात परततो. धनुष्याची जागा पैशाने घेतली असली, तरी निर्णयाचा अधिकार पित्याकडेच राहिला आहे.

राजा ठाकूर यांच्या मुंबईचा जावई (१९७०) या चित्रपटात विवाह आरंभीच होतो. नवविवाहितांना चाळीतील दाटीमुळे एकांत मिळत नाही, हा येथील अडथळा. खलपुरुष नाही, विरोधक पिताही नाही. अपुरी जागा हाच विरोधक आहे. या चित्रपटावरून बासू चटर्जी यांनी पिया का घर (१९७२) हा हिंदी चित्रपट केला. जागेच्या टंचाईचे हेच सूत्र पुढे वेषांतराच्या सूत्राशी जोडले गेले. अशी ही बनवाबनवी (१९८८, दिग्दर्शक सचिन) या चित्रपटातील तरुणांना केवळ जोडप्यांनाच खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकिणीमुळे स्त्रीवेष घ्यावा लागतो. ही कथा जय माँ काली बोर्डिंग (१९५५) हा बंगाली व बीवी और मकान (१९६६) हा हिंदी चित्रपट या मार्गाने मराठीत आली. मकरंदाने घेतलेला वधूवेष आणि पुण्यातील भाडेकरूंनी घेतलेला स्त्रीवेष यांचे तंत्र एकच. कारण मात्र राजाज्ञेऐवजी घरटंचाई हे झाले आहे. महेश कोठारे यांचा धूमधडाका (१९८५) हा काधलिक्क नेरमिल्लै (१९६४) या तमिळ व प्यार किये जा (१९६६) या हिंदी चित्रपटांच्या परंपरेतील असून, श्रीमंत पित्यास सोंगाने फसविणे हे त्याचे सूत्र आहे. याच काळातील गंमत जंमत (१९८७) या चित्रपटात खंडणीसाठी पळवून आणलेली तरुणीच पळविणाऱ्यांच्या बाजूस जाते आणि अपहरणाचे गंभीर सूत्र विनोदाचा विषय होते. प्रांत व भाषा ओलांडून कथानके किती सहज स्थलांतर करतात, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

ग्रामीण व तमाशाप्रधान चित्रपटांत अडथळा प्रतिष्ठेचा असतो. व्ही. शांताराम यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटाचा मूळ आधार द ब्ल्यू एंजल (१९३०) हा जर्मन चित्रपट होय. आदर्श शिक्षक नर्तकीच्या मोहात सापडतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा स्वीकारतो. गावात पूज्य ठरलेली आपली प्रतिमा जपण्यासाठी माणसाने स्वतःचा बळी द्यावा, हे वळण मात्र मराठी समाजातील लोकलज्जेच्या जाणिवेतून आलेले आहे. जब्बार पटेल यांच्या जैत रे जैत (१९७७) या गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील चित्रपटात ठाकर समाजातील चिंधी नवऱ्यास सोडून स्वतःच्या निवडीने नाग्याकडे येते. येथे समाज फारसा आडवा येत नाही. विरोध निसर्गाचा व नाग्याच्या ध्यासाचा आहे. चिंधीच्या मृत्यूने कथा संपते. नागर प्रेमपटात नायिकेस दुर्मिळ असलेले निवडीचे स्वातंत्र्य येथे गृहीत धरलेले आढळते.

हिंदी प्रेमपटाशी तुलना : मराठी प्रेक्षकांच्या अपेक्षांवर हिंदी प्रेमपटांचा खोल परिणाम झाला. बॉबी (१९७३) या चित्रपटाने आर्थिक विषमता व कुमारवयीन प्रेमिकांचे पलायन यांस लोकप्रियता मिळवून दिली आणि शेवटी पित्यांचा समेट दाखविला. एक दूजे के लिये (१९८१) व कयामत से कयामत तक (१९८८) यांनी तेच सूत्र शोकान्त केले. दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे (१९९५) या चित्रपटात नायक पलायनास नकार देऊन वधूपित्याची संमती मिळवितो. सुमारे दोन दशकांत पलायन, मृत्यू व संमती असे तीन पर्याय पुढे आले. परंतु जातीचा उल्लेख तिन्हींत टाळला गेला. श्रीमंती-गरिबी, भाषा, धर्म, खानदानी वैर आणि परदेशातील वास्तव्य यांचे अडथळे पडद्यावर चालत होते. बहुसंख्य विवाह प्रत्यक्षात ज्या कारणावरून ठरतात वा मोडतात, ते कारण मात्र अनुच्चारितच राहिले.

इ. स. २०१० नंतरचे प्रेमपट : सतीश राजवाडे यांच्या मुंबई-पुणे-मुंबई (२०१०) या चित्रपटाने दोनच पात्रे व एक दिवस एवढ्यावर कथा उभी केली. स्थळ नाकारण्यासाठी पुण्यास आलेल्या तरुणीला वाटेत भेटलेला तरुण हाच ते स्थळ असल्याचे शेवटी कळते. निवड स्वतःची आणि ती घरच्यांच्या निवडीशी तंतोतंत जुळणारी, ही मालतीमाधवातील योजना तेराशे वर्षांनंतर नव्या वेषात आलेली आहे. रवी जाधव यांच्या टाईमपास (२०१४) या चित्रपटात वर्तमानपत्रे टाकणारा दगडू परब व प्राजक्ता लेले यांच्यातील अंतर आडनावांवरून, भाषेवरून व वडिलांच्या वागण्यावरून स्पष्ट होते, परंतु विनोदाच्या आवरणाखाली राहते. पहिल्या भागातील ताटातुटीनंतर दुसऱ्या भागात (२०१५) मीलन घडविले आहे.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनी हे आवरण दूर केले. फँड्री (महाराष्ट्रात प्रदर्शित २०१४) या चित्रपटातील कैकाडी समाजाचा जब्या उच्च जातीच्या शालूवर प्रेम करतो. हे प्रेम तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिच्या व गावाच्या देखत डुक्कर पकडावे लागण्याच्या अपमानात ते संपते. येथे प्रेमकथेला प्रारंभ होण्यापूर्वीच अडथळा पूर्ण झालेला असतो.

सैराट (२०१६) या चित्रपटाची रचना कथासूत्राच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. करमाळा परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची व मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील पारधी समाजाचा परश्या यांच्या कथेचा पूर्वार्ध हेतुपुरस्सर रूढ घटकांनी भरलेला आहे. लहान मुलाहाती पाठविलेली चिठ्ठी, साहाय्यक मित्र, शेतातील भेटी, गाणी आणि पलायन हे सर्व क्रमाने येते. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीतील संसार, भांडणे व कष्ट दिसतात. म्हणजे रूढ प्रेमपट जेथे थांबतो, तेथून पुढचा भाग. नंतर मूल होते, आर्ची आईशी दूरध्वनीवर बोलते आणि एके दिवशी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. अपत्यजन्मानंतर माहेरचा राग निवळतो, या सूत्रावर पोसलेला प्रेक्षक येथे समेटाची अपेक्षा करतो. आलेला भाऊ व त्याचे साथीदार चहा घेतात आणि दोघांची हत्या करतात. क्षमेचे सूत्रच सापळा म्हणून वापरलेले असल्याने या शेवटाचा आघात तीव्र होतो. मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचा त्यापूर्वीचा उच्चांक या चित्रपटाने मोडला आणि कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली व हिंदी भाषांत त्याची रूपांतरे झाली. धडक (२०१८) या हिंदी रूपांतरात कथा उदयपुरास नेण्यात आली. तेथे जातीचा संदर्भ पुसट झाला आणि नायिका वाचून पती व मूल यांचा बळी गेला.

मंजुळे यांचा पुढील हिंदी चित्रपट झुंड (२०२२) हा नागपुरातील झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉल संघाची कथा सांगतो. त्याची प्रेरणा नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचे कार्य ही होय. तो प्रेमपट नव्हे. परंतु झोपडपट्टीतील तरुणाला भिंतीपलीकडच्या वस्तीतील मुलीविषयी वाटणारी ओढ हा त्यातील एक धागा आहे. हे प्रेम पूर्णत्वास जात नाही आणि त्यापायी कोणी मरतही नाही. झोपडपट्टी आणि महाविद्यालय यांना विभागणारी भिंत हीच येथे विरोधक ठरते. ज्या नगरात १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला, तेथील कथेत अडथळ्याला व्यक्तीऐवजी वास्तूचे रूप मिळाले, हे अर्थपूर्ण आहे.

कायदा व कथासूत्र : प्रेमपटांतील अडथळे आणि विवाहविषयक कायदे यांचा प्रवास समांतर, परंतु विषम गतीने झाला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. हरबिलास सारडा यांच्यामुळे तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. शारदा नाटकाशी असलेले नामसाम्य योगायोगाचे होय. ज्या सगोत्रतेमुळे शारदेची सुटका झाली, तो निर्बंध १९४६ च्या अधिनियमाने हिंदू विवाहांतून काढून टाकण्यात आला. हिंदूंमधील आंतरजातीय विवाह १९४९ च्या अधिनियमाने निःसंदिग्धपणे वैध ठरले. विशेष विवाह अधिनियमाने (१९५४) भिन्नधर्मीयांना धर्मांतराशिवाय विवाहाची सोय केली. तथापि त्यात तीस दिवसांच्या जाहीर सूचनेची अट असल्याने, घरच्यांपासून दूर आलेल्या जोडप्यांचा ठावठिकाणा उघड होण्याचा धोका राहिला. सन्मानाच्या नावाखाली होणाऱ्या हत्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला. त्यात सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जमावाने वा नातलगांनी हस्तक्षेप करणे बेकायदेशीर ठरवून, संरक्षणाची व सुरक्षित निवासाची व्यवस्था करण्याचे निदेश राज्यांना देण्यात आले.

यावरून असे दिसते, की जातीबाहेरचा विवाह कायद्याने वैध ठरल्यानंतरही सुमारे सहा दशके लोकप्रिय प्रेमपटाने त्याचा स्पष्ट उच्चार टाळला. कायद्याने मोकळी केलेली वाट कथेने बंदच ठेवली होती.

मूल्यमापन : समान कथासूत्रांची पुनरावृत्ती हा प्रेमपटाचा दोष मानण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी योग्य नाही. परिचित सूत्रामुळे प्रेक्षकाच्या मनात निश्चित अपेक्षा निर्माण होते आणि त्या अपेक्षेच्या पूर्तीतून अथवा भंगातून लेखकास आपले म्हणणे मांडता येते. कुंकू व सैराट यांचे सामर्थ्य जुन्या सूत्राच्या अचूक जाणिवेवर उभे आहे. दोष पुनरावृत्तीत नसून सोयीस्कर निवारणात असतो. नायक अखेर श्रीमंत वा स्वजातीय निघणे, विरोधकास अकस्मात पश्चात्ताप होणे, अथवा अवघड ठरलेल्या पात्राचा मृत्यू घडविणे, या युक्त्यांनी प्रश्न सुटल्याचा केवळ भास होतो.

मराठी प्रेमकथेचे आरंभीचे व अलीकडचे रूप शेजारी ठेवल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. रुक्मिणीच्या कथेत पाठलाग करणारा भाऊ पराभूत होतो व क्षमेस पात्र ठरतो. सौभद्रात हट्टी भावाची समजूत पडते. सैराटमध्ये भाऊ दार ठोठावून आत येतो आणि त्याला अडविणारे कोणी नसते. पहिल्या दोन कथांत नायिकेच्या बाजूने कृष्ण उभा होता. सामान्य घरातून निघालेल्या जोडप्यास असा पाठीराखा लाभत नाही. त्याची जागा शेजाऱ्यांनी, पोलिसांनी व न्यायसंस्थेने भरून काढावयाची असते. ती भरली जाते किंवा नाही, यावर क्षमेचे जुने कथासूत्र पडद्यावर पुन्हा विश्वासार्ह होणे अवलंबून आहे.